मूत्रपिंड आणि मूत्रमार्गातील गाठी सोनोग्राफीत कशा शोधाव्यात: नव्याने प्रोब हाती घेणाऱ्यांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या सोनोग्राफी केंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरच्या टेबलावर दिवसभरात ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांपैकी बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘युएसजी केयूबी’ (मूत्रपिंड, मूत्रवाहिनी आणि मूत्राशय यांची सोनोग्राफी) एवढेच लिहिलेले असते. कारणाच्या जागी कधी ‘कंबरदुखी’, कधी ‘मुतखडा’ आणि पुढे प्रश्नचिन्ह असते. कधी काहीच नसते. मूत्रपिंडाचा कर्करोग हल्ली निम्म्याहून अधिक रुग्णांत अशाच दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत अवचित सापडतो. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ हे पाठ्यपुस्तकातील त्रिकूट एकाच रुग्णात भेटणे आता विरळा झाले आहे. त्यामुळे पोटाची प्रत्येक सोनोग्राफी ही मूत्रपिंडाच्या गाठीचीही तपासणी आहे असे धरूनच प्रोब ठेवावा.

सोनोग्राफीने गाठीचे नाव सांगता येत नाही, आणि सांगण्याचा अट्टहासही करू नये. गाठ आहे की नाही, ती घन आहे की द्रवाने भरलेली, ती नेमकी कोठे आहे आणि कोठवर पोहोचली आहे, एवढे नीट सांगितले तरी पुढच्या डॉक्टरचे निम्मे काम होते. निदानात होणाऱ्या चुका पाहिल्या, तर दिसलेल्या गाठीचा अर्थ चुकीचा लावण्यापेक्षा गाठ होती त्या भागावर प्रोब पोहोचलाच नाही, हे कारण अधिक वेळा आढळते.

प्रोब ठेवण्याआधी

रुग्ण टेबलावर झोपेपर्यंतच्या दोन मिनिटांत चार प्रश्न विचारून घ्यावेत. लघवीतून रक्त गेले होते का, आणि गेले तेव्हा दुखत होते का, हा पहिला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला न दुखता लघवीतून लाल रक्त गेले असेल, तर मूत्राशयाची गाठ नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असेच मानून तपासणी करावी. दुसरा प्रश्न विडी-सिगारेटचा. मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते सर्वांत मोठे कारण आहे, आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचाही धोका त्याने वाढतो. तिसरा प्रश्न नोकरीचा, आणि आपल्या भागात तो विशेष महत्त्वाचा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रंग, रसायने किंवा रबर यांच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे काढलेले पुष्कळ लोक आज ऐरोली, घणसोली, कळवा या भागांत निवृत्त आयुष्य घालवत आहेत. रंगनिर्मितीत आणि रबर उद्योगात पूर्वी वापरली गेलेली काही अॅरोमॅटिक अमाइन्स मूत्राशयाचा कर्करोग घडवतात, आणि संपर्क संपल्यानंतर दोन-तीन दशकांनीही तो दिसू शकतो. म्हणून “काका, आता काय करता?” असे विचारण्याऐवजी “कंपनीत कोणत्या खात्यात होतात?” असे विचारावे. चौथा प्रश्न जुन्या आजारांचा: डायलिसिस, क्षयरोग, पूर्वी काढलेले मूत्रपिंड, घरातील कोणाला मूत्रपिंडाची गाठ. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या आकसलेल्या मूत्रपिंडांत सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या) तयार होतात आणि त्यांत कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, हे नवख्या डॉक्टरच्या लक्षात सहसा येत नाही. पिशवीत जुने रिपोर्ट असतील तर ते आधी काढायला सांगावेत.

रुग्ण गर्भवती असेल, तर तपासणी केवळ मूत्रपिंडाची असली तरी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालील फॉर्म एफ भरावाच लागतो. तो भरल्याशिवाय प्रोब उचलू नये.

मूत्राशय भरलेले हवे, पण ते तुडुंब नको. बाहेर बाकावर तासभर लघवी रोखून बसलेल्या माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांत सौम्य फुगवटा दिसतो आणि ‘हायड्रोनेफ्रोसिस’ असा शेरा पडतो. असे दिसल्यास आधी मूत्राशय नीट पाहून घ्यावे, रुग्णाला लघवीला पाठवावे आणि मग मूत्रपिंडे पुन्हा पाहावीत. फुगवटा गेला तर प्रश्न मिटला. एकाच बाजूचा राहिला तर तेथून पुढे शोध सुरू होतो. कॅथेटर घातलेला असेल, तर मूत्राशय भरेपर्यंत तो क्लॅम्प करून ठेवावा; रिकाम्या मूत्राशयाबद्दल काहीही लिहिण्यात अर्थ नाही.

यंत्राची मांडणी

गर्दीच्या केंद्रात यंत्र आधीच्या रुग्णाच्या, बहुतेक वेळा प्रसूतीच्या, प्रिसेटवर (आधीच ठरवलेल्या मांडणीवर) राहिलेले असते. ते बदलून पोटाचे किंवा मूत्रपिंडाचे प्रिसेट लावावे. प्रौढांसाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब पुरतो. सडपातळ व्यक्ती आणि मुले यांच्यासाठी त्याहून जास्त फ्रीक्वेन्सी घ्यावी. फोकस मूत्रपिंडाच्या खोलीवर आणावा, हार्मोनिक चालू ठेवावे, आणि भरलेल्या मूत्राशयातील लघवी काळीभोर दिसेल इतपतच गेन (प्रतिमेचा उजळपणा) ठेवावा. गेन जास्त असेल तर साधी सिस्टही घन भासते, कमी असेल तर घन गाठही सिस्टसारखी काळी दिसते. छोट्या गाठीतील संथ रक्तप्रवाह पाहताना कलर डॉपलरची (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीची) वेगमर्यादा आणि वॉल फिल्टर (संथ प्रवाह गाळून टाकणारी मांडणी) दोन्ही खाली आणावे लागतात. यकृताच्या पोर्टल व्हेनसाठी लावलेल्या मांडणीत मूत्रपिंडाच्या गाठीतला प्रवाह दिसत नाही, आणि मग ‘रक्तप्रवाह नाही’ असा खोटा दिलासा रिपोर्टात जातो.

मूत्रपिंड: दोन्ही टोके संपेपर्यंत

उजवे मूत्रपिंड यकृताच्या खिडकीतून सहज दिसते. डावे मात्र कष्ट घ्यायला लावते: वरचे टोक बरगड्यांखाली, पुढे जठर व आतड्यातील हवा, आणि प्लीहेची खिडकी अरुंद. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्यावर घ्यायला लावावा, प्रोब काखेच्या मागच्या रेषेत बरगड्यांमधल्या जागेत तिरका धरावा, आणि “श्वास भरून धरा” असे सांगून मूत्रपिंड खाली उतरेपर्यंत थांबावे. वयस्कर रुग्णाला श्वास रोखता येत नसेल, तर मोठा श्वास घेऊ न देता बरगड्यांच्या फटीतूनच तुकड्यातुकड्याने पाहावे लागते.

उभ्या छेदात एक सुंदर चित्र मिळाले की लांबी मोजून पुढे जाण्याची सवय लवकर लागते. तीच घातक आहे. प्रोब उभा असताना पुढून मागे आणि आडवा असताना वरून खाली असा सलग फिरवावा, आणि दोन्ही टोकांच्या पलीकडे मूत्रपिंड पडद्यावरून नाहीसे होईपर्यंत थांबू नये. बाहेरच्या बाजूला लोंबणारी गाठ टोकापाशी असेल, तर मधल्या छेदात मूत्रपिंड अगदी निर्दोष दिसते. प्रौढांचे मूत्रपिंड साधारण ९ ते १२ सेंटिमीटर लांब असते. पण लांबीपेक्षा त्याची बाह्यरेषा अधिक बोलते. ती कोठे फुगली आहे, कोठे तुटली आहे, मधला पांढरा सायनस (चरबी आणि वाहिन्यांचा गाभा) कोठे दबला किंवा सरकला आहे, हे पाहत जावे. कॉर्टेक्सच्याच (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराच्या) छटेची गाठ केवळ अशा सरकलेल्या रेषांमुळेच लक्षात येते.

घन गाठ दिसली तर

रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे मूत्रपिंडाचा नेहमीचा कर्करोग, पडद्यावर कोणत्याही छटेचा असू शकतो. मोठ्या गाठीत रक्तस्राव, मृत ऊती, कॅल्सिफिकेशन यांमुळे मिश्र चित्र असते आणि ती ओळखणे कठीण नसते. कोडे पडते ते २ ते ३ सेंटिमीटरच्या गोल, पांढऱ्याशुभ्र गाठीपाशी. अशी गाठ दिसली की ‘अँजिओमायोलायपोमा’ (चरबी असलेली सौम्य गाठ) असे लिहून मोकळे होण्याची पद्धत आहे, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या कर्करोगांपैकी सुमारे एकतृतीयांश गाठीही आसपासच्या कॉर्टेक्सपेक्षा पांढऱ्या दिसतात. गाठीभोवती काळसर कडा असेल, आत बारीक काळे सिस्टसारखे ठिपके असतील, किंवा कॅल्सिफिकेशन असेल, तर संशय कर्करोगाकडे झुकवावा. गाठ सायनसच्या चरबीइतकी पांढरी असून तिच्यामागे पुसट सावली पडत असेल, तर अँजिओमायोलायपोमाची शक्यता वाढते. निर्णय मात्र सीटी स्कॅनमध्ये चरबी दिसण्यावर होतो. म्हणून पांढरी गाठ पहिल्यांदाच आढळली असेल, तर तिचे सौम्य नाव सोनोग्राफीच्या जोरावर पक्के करू नये.

अँजिओमायोलायपोमाच असेल तरी तिचा आकार मोजून लिहावा. ४ सेंटिमीटरच्या पुढे त्यातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोन्ही मूत्रपिंडांत अशा अनेक गाठी दिसल्या तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराचा विचार करून रुग्णाच्या चेहऱ्याकडे, त्वचेकडे पाहावे आणि फिट येतात का विचारावे.

ऑन्कोसायटोमा ही सौम्य गाठ कर्करोगापासून सोनोग्राफीत वेगळी ओळखता येत नाही. मध्यभागी चट्टा दिसला म्हणून ती सौम्य ठरत नाही. दोन्ही मूत्रपिंडांत एकसारख्या काळसर, अनेक गाठी असतील तर लिम्फोमा किंवा अन्यत्र उगम पावलेला कर्करोग मनात आणावा.

गाठ मूत्रपिंडातूनच निघाली आहे की यकृत, प्लीहा किंवा अॅड्रिनलमधून (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून) येऊन मूत्रपिंडाला टेकली आहे, हेही ठरवावे लागते. मूत्रपिंडाचा कॉर्टेक्स खेकड्याच्या नांगीसारखा गाठीला दोन्ही बाजूंनी कवटाळत असेल, तर ती मूत्रपिंडाचीच. श्वासाबरोबर दोन्ही एकत्र सरकतात की एकमेकांवरून घसरतात, हे पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर तेथेच मिळते.

गाठीसारखे दिसणारे, पण गाठ नसलेले

कॉलम ऑफ बर्टिन म्हणजे सायनसमध्ये घुसलेला जाड कॉर्टेक्स. तो बहुधा वरच्या आणि मधल्या भागाच्या सांध्यावर असतो, कॉर्टेक्सशी सलग आणि त्याच छटेचा असतो, बाह्यरेषा फुगवत नाही, आणि डॉपलरमध्ये त्यातल्या रक्तवाहिन्या नेहमीच्या वळणाने जातात. गाठ असेल तर वाहिन्या बाजूला ढकललेल्या किंवा गाठीभोवती गुंडाळलेल्या दिसतात. डाव्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेला प्लीहेच्या दाबामुळे आलेला उंचवटा, जन्मापासून राहिलेल्या खाचा, आणि उजव्या वरच्या भागातला चरबीचा पांढरा त्रिकोण हेही नेहमीचे फसवे पाहुणे.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी विसरून चालत नाही. जंतुसंसर्गाने मूत्रपिंडाचा एखादाच भाग सुजलेला असेल, तर तो गाठीसारखा दिसतो. ताप, लघवीचा रिपोर्ट आणि उपचारानंतर पुन्हा केलेली सोनोग्राफी यांवरून तो उलगडतो. दुसरी गोष्ट क्षयरोगाची. त्यात काही कॅलिक्स (लघवी गोळा करणारे छोटे कप्पे) फुगलेले, काही आक्रसलेले, मधेच कॅल्सिफिकेशन, मूत्राशय लहान आणि जाड भिंतीचे, असे विस्कळीत चित्र असते. मोठा शिंगाडी मुतखडा असलेल्या, वाढलेल्या आणि काम थांबलेल्या मूत्रपिंडातला झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस (दीर्घकाळचा जंतुसंसर्ग) तर शस्त्रक्रियेपर्यंत कर्करोगाचे सोंग घेऊ शकतो.

सिस्ट

आत पूर्ण काळी, भिंत दिसणारही नाही इतकी पातळ, आकार गोल आणि मागची बाजू उजळ अशी असेल, तर ती साधी सिस्ट. तिच्यासाठी पुढची तपासणी लागत नाही. या चारांपैकी एकही गोष्ट कमी पडली तर ‘साधी’ हा शब्द वापरू नये. आतले पडदे (सिस्टचे कप्पे पाडणाऱ्या भिंती) किती, जाड की पातळ, भिंतीवर उंचवटा आहे का, त्यात रक्तप्रवाह आहे का, हे वर्णन करून थांबावे. मॉर्टन बोस्निअॅक यांनी १९८६ साली मांडलेले आणि २०१९ मध्ये सुधारलेले सिस्टचे वर्गीकरण कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचलेले द्रव्य) दिलेल्या सीटी किंवा एमआरआयवर आधारलेले आहे. साध्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘बोस्निअॅक ३’ लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या तपासणीचा निकाल देणे. सूक्ष्मबुडबुड्यांचे कॉन्ट्रास्ट वापरून केलेल्या सोनोग्राफीत पडद्यांमधला रक्तपुरवठा फार चांगला दिसतो आणि ते कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडावाटे बाहेर पडत नसल्याने क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या, रुग्णालाही चालते, पण ती सोय सगळीकडे नसते.

शिरा पाहिल्याशिवाय तपासणी संपत नाही

घन गाठ सापडली की नवखा डॉक्टर तिचे दहा फोटो काढतो आणि रीनल व्हेन (मूत्रपिंडाची शीर) विसरतो. मूत्रपिंडाचा कर्करोग रीनल व्हेनमध्ये, तेथून इन्फिरिअर व्हेना केव्हा या पोटातील मोठ्या शिरेत आणि क्वचित हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत वाढत जातो. शिरेत काही दिसले तर त्याचे वरचे टोक कोठे आहे ते शोधावे: हिपॅटिक व्हेनच्या (यकृताच्या शिरेच्या) खाली, वर, की डायफ्रामच्याही पलीकडे. शस्त्रक्रिया कोणती आणि तिच्यासाठी हृदयशल्यविशारद लागेल का, हे त्या एका वाक्यावर अवलंबून असते. शिरेतल्या घन भागात डॉपलरने धमनीचा प्रवाह मिळाला, तर ती साधी गुठळी नसून गाठीचाच अंश आहे. डावी रीनल व्हेन महाधमनी आणि सुपिरिअर मेझेंटेरिक धमनी यांच्यामधून जाते. हवेमुळे ती दिसली नाही, तर तसे लिहावे. यासोबतच महाधमनीजवळच्या लसीका ग्रंथी, यकृत, त्या बाजूची अॅड्रिनल आणि दुसरे मूत्रपिंड पाहावे.

एक आडवळणाची सूचना: मध्यमवयीन पुरुषाच्या वृषणाच्या सोनोग्राफीत अलीकडेच उद्भवलेले व्हॅरिकोसील (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा) दिसले, आणि विशेषतः आडवे झोपूनही ते ओसरत नसेल, तर त्याच बैठकीत मूत्रपिंडेही पाहून घ्यावीत; मूत्रपिंडाच्या गाठीने त्या शिरांचा मार्ग अडवलेला असू शकतो.

रीनल पेल्व्हिस आणि युरेटर

पेल्व्हिस (मूत्रपिंडातील लघवी गोळा होणारी पोकळी) आणि युरेटर (मूत्रवाहिनी) येथे सोनोग्राफी दुबळी आहे आणि ते मान्य करूनच काम करावे. पेल्व्हिसमधला युरोथेलियल (आतल्या अस्तराचा) कर्करोग सायनसच्या पांढऱ्या चरबीत काळसर मऊ भाग म्हणून दिसतो आणि मूत्रपिंडाचा आकार बहुधा बिघडवत नाही. रक्ताची गुठळी, बुरशीचा गोळा, गळून पडलेला पॅपिला (मूत्रपिंडाच्या आतल्या टोकाचा तुकडा) हे तसेच दिसतात. गुठळी काही दिवसांनी बदलते किंवा जाते. एकाच बाजूचे मूत्रपिंड फुगले आहे आणि खडा कोठेच सापडत नाही, अशा वेळी ‘खडा निघून गेला असावा’ हा अंदाज रिपोर्टात लिहू नये. फुगलेला युरेटर जेथवर दिसतो तेथवर पाठलाग करावा, आणि भरलेल्या मूत्राशयाच्या मागे त्याचे खालचे टोक मुद्दाम पाहावे. मधला भाग आतड्यांमुळे जवळजवळ कधीच दिसत नाही. त्यासाठी सीटी युरोग्राफीच (कॉन्ट्रास्टने मूत्रमार्ग दाखवणारा सीटी) लागते.

मूत्राशय

चांगल्या भरलेल्या मूत्राशयाची भिंत साधारण ३ मिलिमीटरच्या आत असते. उभे-आडवे दोन्ही छेद घेऊन त्रिकोणी तळ, दोन्ही बाजूच्या भिंती, युरेटरची तोंडे आणि वरचा घुमट यांवरून प्रोब सावकाश फिरवावा. पुढची भिंत सर्वांत जवळ असूनही सर्वांत जास्त निसटते, कारण तेथे प्रतिध्वनींचा धुरकट पडदा तयार होतो. प्रोब तिरका करावा, आणि जमल्यास लिनिअर प्रोबने पुढची भिंत पुन्हा पाहावी. घुमटाच्या मध्यरेषेवरील गाठीत कॅल्सिफिकेशन असेल, तर युरॅकसपासून (गर्भावस्थेतील नळीच्या मूत्राशयावर उरलेल्या अवशेषापासून) निघालेल्या कर्करोगाचा विचार करावा. भिंतीबाहेर लटकणाऱ्या डायव्हर्टिक्युलमच्या पिशवीतही डोकावून पाहावे.

मूत्राशयात फांद्या फुटलेली किंवा गोल, भिंतीला चिकटलेली गाठ दिसली की पहिले काम म्हणजे रुग्णाला कुशीवर वळवणे. लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसाच्या मूत्राशयात गुठळ्या असतात, आणि त्या पडद्यावर गाठीसारख्याच दिसतात. “काका, डाव्या कुशीवर वळा, आणि थोडे थांबा” असे सांगून अर्धा मिनिट वाट पाहावी. गुठळी हळूहळू तळाकडे सरकते, खडा पटकन गडगडतो आणि त्याची सावली त्याच्याबरोबर जाते. गाठ तेथेच राहते. मात्र ही कसोटी पूर्ण भरवशाची नाही. भिंतीला चिकटलेली जुनी गुठळीही हलत नाही, आणि गाठीवरच गुठळी बसलेली असेल तर वरचा थर हलतो व खालची गाठ लपते. देठात शिरणारी रक्तवाहिनी डॉपलरने दिसली तर गाठ पक्की. दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. अशा रुग्णाला मूत्राशय धुऊन झाल्यावर पुन्हा बोलवावे.

साठीपुढच्या पुरुषांत प्रोस्टेटचा मधला भाग मूत्राशयात डोकावतो आणि गाठीचा भास होतो. मध्यरेषेवरच्या उभ्या छेदात तो प्रोस्टेटशी सलग असल्याचे दिसते. स्त्रियांमध्ये मागच्या भिंतीची गाठ असेल, तर गर्भाशयमुखाचा कर्करोग तर आत घुसलेला नाही ना, हे पाहावे.

अर्ध्या सेंटिमीटरहून लहान गाठी आणि सपाट पसरणारा कर्करोग सोनोग्राफीत दिसत नाहीत. म्हणून न दुखता रक्त गेलेल्या रुग्णाची सोनोग्राफी स्वच्छ आली, तर ‘नॉर्मल’ एवढेच लिहून थांबू नये. सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणे) आणि सीटी युरोग्राफीचा सल्ला रिपोर्टातच द्यावा. रक्त आपोआप थांबले की रुग्णाला बरे वाटते, हातात ‘नॉर्मल’ रिपोर्ट असतो, आणि पुढची तपासणी राहून जाते.

लहान मुले

मूल साधारण तीन-चार वर्षांचे आणि पोटात मोठी घन गाठ असेल, तर विल्म्स ट्यूमर (मुलांमधला मूत्रपिंडाचा कर्करोग) आधी आठवावा. तो मूत्रपिंडातून निघतो आणि वाहिन्यांना बाजूला सारतो. न्यूरोब्लास्टोमा (बहुधा अॅड्रिनलमधून निघणारा मुलांचा कर्करोग) मूत्रपिंडाला ढकलतो, वाहिन्यांना वेढतो आणि त्यात कॅल्सिफिकेशन अधिक असते. दुसरे मूत्रपिंड आणि व्हेना केव्हा पाहणे येथेही बंधनकारक आहे. पोट पुन्हापुन्हा दाबून चाचपू नये.

रिपोर्ट आणि पुढची वाट

रिपोर्टात बाजू, भाग, तिन्ही मापे, छटा, कडा, गाठ बाहेर लोंबते की सायनसला भिडते, रक्तप्रवाह, शिरांची स्थिती, ग्रंथी, दुसरे मूत्रपिंड आणि मूत्राशय एवढे असावे. मापांत आळस नको: मूत्रपिंडापुरत्या मर्यादित गाठीची अवस्था ४ आणि ७ सेंटिमीटरच्या सीमांवर बदलते, आणि ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत बहुधा मूत्रपिंड वाचवून केवळ गाठ काढता येते. जो भाग दिसला नाही त्याचा उल्लेख कारणासह करावा. निष्कर्षात ‘घन गाठ, कर्करोगाची शक्यता तपासावी, कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन करावा’ असे स्पष्ट लिहावे, आणि क्रिएटिनिन करून घेण्याची आठवणही द्यावी.

टेबलावरच्या माणसाला ‘कॅन्सर’ हा शब्द सोनोग्राफीच्या आधारावर ऐकवू नये, आणि ‘काही नाही हो’ असेही म्हणू नये. “किडनीत एक गाठ दिसते आहे, ती कसली आहे हे सीटीत कळेल, या आठवड्यातच करून घ्या” एवढे पुरेसे असते. आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. खर्चाच्या भीतीने तपासणी लांबणीवर टाकणारी कुटुंबे आपल्या भागात कमी नाहीत. त्यांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, खारघरचे टाटा मेमोरियलचे अॅक्ट्रेक केंद्र किंवा परळचे टाटा रुग्णालय यांची माहिती द्यावी, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत ठेवायला सांगावे.

सौम्य ठरलेल्या छोट्या गाठींसाठी रुग्ण पुन्हा येतो, तेव्हा तीच गाठ त्याच छेदात मोजता आली पाहिजे. त्यासाठी पहिल्याच दिवशी प्रोबची जागा आणि रुग्णाची कूस चित्रावर नोंदवावी आणि चित्रांची प्रत रुग्णाकडे द्यावी. दोन केंद्रांतल्या मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच. तेवढ्यावर गाठ वाढली असे लिहू नये.